सासूबाईंसाठी वायफायची तार

माणसाची सगळी प्रगती ही तारा तोडत जाण्याची प्रगती आहे. टेलिफोनची वेटोळ्यांची वायर गेली, कानात गाणी घालणारी वायर गेली, आणि माणूस मोकळा झाला. पिनांग बेटावरच्या एका राउटरच्या कारखान्यात खॉ चिन ग्वान हे वाक्य प्रत्येक नव्या इंजिनिअरला गंभीरपणे ऐकवायचा, आणि ऐकवून झालं की त्याच्या हातात एक तार द्यायचा.

त्याचा इलाज नव्हता. एका दालनात शेकडो राउटर एकदम वायफाय सोडायला लागले की मासळीबाजारासारखी अवस्था होते; बोलतात सगळे, ऐकू कुणालाच येत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी राउटरची अँटेना काढायची आणि तिच्या जागी केबल जोडायची. केबलचं दुसरं टोक समोरच्या यंत्रात. राउटरला वाटतं आपण हवेत बोलतोय, पण तो बोलत असतो तारेतून, थेट समोरच्याच्या कानात. मध्ये कुणाची लुडबूड नाही. हे काम चिन ग्वान बावीस वर्षं करत होता आणि हवेविषयी त्याचं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. "हवा हौशी लोकांसाठी ठीक आहे," असं तो म्हणे.

कारखान्यात त्याचा शब्द चालायचा. घरी त्याची खोलीसुद्धा राहिली नव्हती.

आयर इतममधल्या त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला दोन खोल्या होत्या. एक झोपायची, दुसरी त्याच्या यंत्रांची. नववर्षानंतर सासूबाई, म्हणजे ऊई गाइक सुआन, बाजारात घसरल्या, खुबा दुखावला, आणि "थोडे दिवस" म्हणून यंत्रांच्या खोलीत आल्या. थोडे दिवस संपून सातवा महिना उजाडला. भिंतीला ठोकलेलं कामाचं लांब टेबल तेवढं खोलीत राहिलं, त्यावर सासूबाईंची औषधं आणि बिस्किटांचे डबे आले. बाकीची यंत्रं खोक्यांत भरून जेवणाच्या टेबलाखाली गेली, आणि चिन ग्वान ऑसिलोस्कोपला गुडघे टेकून भात खाऊ लागला. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय. सासूबाई म्हणत, डॉक्टर पोरसवदा आहे.

मागच्या इमारतीत तळमजल्यावर सासूबाईंचं स्वतःचं घर होतं. त्याला कुलूप होतं. त्या कुलपाकडे बघत बघत चिन ग्वानला एक दिवस मानाच्या धुपाटण्याची आठवण झाली.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पितरं आणि त्यांच्याबरोबर बिनवारशी भुतं सुट्टीवर येतात. वस्तीचं मंडळ त्यांच्यासाठी मंडप घालतं, जेवण मांडतं, गाणारणी बोलावतं, आणि पुढच्या वर्षीचा मानकरी देवाला कौल लावून ठरवतं. देवाचं पितळी धुपाटणं मग वर्षभर मानकऱ्याच्या घरी. उदबत्ती सकाळ-संध्याकाळ लावायची आणि ती मानकऱ्यानेच लावायची. चिन ग्वान देवभोळा नव्हता, पण त्याला गणित येत होतं. धुपाटणं सासूबाईंच्या घरी, म्हणजे सासूबाई सासूबाईंच्या घरी, म्हणजे ऑसिलोस्कोप टेबलावर.

"मा, यंदा तुमचं नाव द्यायचं ना कौलाला?" त्याने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तीस वर्षं देतेय," सासूबाई म्हणाल्या. "देव माझ्याकडे ढुंकून बघत नाही."

"यंदा बघेल."

"का, तुला फोन आला होता त्याचा?"

बायको ले पेंग भाताच्या वाडग्यातून मान वर न करता म्हणाली, "नाव दे, मा. चांगलं असतं." तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. एकवीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं गणित विचारावं लागत नसे, उत्तर तोंडावर दिसायचं.

अडचण होती ती हजेरीची. मंडळाचे अध्यक्ष तांग आपेक यांनी ती नीट समजावून सांगितली. आपेक म्हणजे म्हातारबाबा. त्यांना पन्नाशीपासूनच सगळे आपेक म्हणत आणि आता ते त्या नावाला शोभू लागले होते.

"आजारी माणसाच्या वतीने घरच्याने कौल टाकला तर चालतो," आपेक म्हणाले. "पण नाव पुकारलं की 'हजर' स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. आणि तोंड देवाला दिसलं पाहिजे."

"फोनवरून दिसेल की."

"गेल्या वर्षी त्या लिमने सिंगापूरहून फोनवर हजेरी दिली. 'ह' ऐकू आलं आणि फोन मेला. नाव बाद केलं मी. देवाला अर्धा माणूस चालत नाही."

चिन ग्वानला आपेकांचं म्हणणं पटलं. मंडपात तीनशे फोन, गाणारणींचे बिनतारी माइक, वर साठ घरांची साठ वायफाय. शिवाय सासूबाईंच्या खोलीत मोबाइल कधीच नीट लागत नसे. "हवेत गर्दी फार," तो आपेकांना म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. मी हवाच काढून टाकतो."

आपेकांनी देवाच्या मूर्तीकडे एकदा पाहिलं.

त्याच्याकडे एक छोटा कॅमेरा होता. तो फक्त वायफाय बोलायचा. चिन ग्वानने त्याचं पोट उघडलं, आतली नखाएवढी अँटेना उपटली आणि तिथे केबलची खोबण डागली. खाली मंडपात ठेवायच्या राउटरचंही तेच केलं. मधली केबल त्याला फुकटात मिळाली. इमारतीवर पूर्वी सगळ्यांची मिळून एक टीव्हीची अँटेना होती. ती गंजून गेली, पण भिंतीच्या आतली केबल तशीच होती. प्रत्येक घरात टीव्हीमागे एक भोक आणि सगळ्यांची मिळून खाली मंडपाशेजारी एक पेटी. गेली कित्येक वर्षं त्या केबलला कुणी विचारत नव्हतं.

"म्हणजे कॅमेरा वायफायचा," ले पेंग म्हणाली.

"हो."

"आणि त्याला वायर."

"हो."

"मग सरळ वायरचाच कॅमेरा का नाही घेत?"

"कुणीही घेईल तो," चिन ग्वान म्हणाला.

राउटरच्या जाळ्याला त्याने 'मा' असं नाव दिलं. म्हाताऱ्यांना बटणं दाबायला लागू नयेत म्हणून जो यंत्र जोडेल त्याच्यासमोर आपोआप कॅमेऱ्याचं चित्र उघडेल अशी सोय केली. पासवर्ड ठेवला नाही. कारखान्यात ते कधीच ठेवत नसत. तारेत बाहेरचा माणूस येणार कुठून?

कौलाच्या दिवशी चार वाजता सगळं तयार होतं. देवासमोर आपेकांच्या हुकमाने एक पडदा ठेवला होता, टीव्हीएवढा, आणि त्यावर लाल कापड. नाव पुकारल्यावरच कापड काढायचं. आधीपासून गाइक सुआन दिसत राहिली तर देवाचं इतरांकडे लक्ष राहणार नाही, असं आपेकांचं मत पडलं. राउटर देवाच्या टेबलाखाली. तिथून केबल पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखालून पेटीपर्यंत. पहिली रांग भुतांची, तिथे जिवंत माणूस बसत नाही, म्हणजे केबलीवर कुणाचा पाय पडायची भीती नाही. चिन ग्वानने राउटरला तारेने जोडलेल्या टॅबलेटवर चित्र पाहिलं. सासूबाई पलंगावर उशीला टेकून, लाल ब्लाउज घालून, देवासमोर बसल्यासारख्या बसल्या होत्या. चित्र काचेसारखं स्वच्छ.

"आवाज येतोय का, मा?"

"तू ओरडू नकोस," टॅबलेटमधून उत्तर आलं. "बहिरी नाही मी. पाय मोडलाय."

पहिली काही नावं पुकारून झाली. नववर्षाच्या पोशाखात आलेल्या चुआ काकूंनी तर सलग चार वेळा कौल मिळवला. दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली की देव हो म्हणाला. दोन्ही पालथ्या म्हणजे नाही. दोन्ही उताण्या म्हणजे देव हसतोय. चारच्या पुढे कुणी जाईना. चुआ काकू पंख्याने वारा घेत आधीच मानकऱ्यासारख्या बसल्या.

याच सुमारास चित्र अडखळायला लागलं.

सासूबाईंचा हात वर गेला तो वरच राहिला. मग एकदम खाली आला. मग त्या दिसेनाशाच झाल्या आणि नुसती उशी दिसू लागली. चिन ग्वानने भुवया आवळल्या. बाहेरचा गोंगाट कुठून तरी आत शिरतोय, हे उघड होतं. आणि गोंगाटावर त्याच्या धंद्यात एकच उपाय, आपण मोठ्याने बोलायचं. त्याने राउटरचा जोर वाढवला. चित्र क्षणभर सुधारलं आणि पहिल्यापेक्षा वाईट झालं. त्याने आणखी वाढवला.

मंडपात लोक फोनमध्ये बघून हसत होते. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही, लोक फोनमध्ये बघून हसतातच. पण अधूनमधून ते मान वर करून दुसऱ्या मजल्याकडे बघत होते, ते विशेष होतं.

"तुझी सासू दिवसाला किती अननसाच्या वड्या खाते रे?" चुआ काकूंनी विचारलं.

"का?"

"ही चौथी." त्यांनी आपला फोन त्याच्या नाकासमोर धरला.

फोनवर सासूबाई होत्या. कपाटापुढे उभ्या होत्या, स्वतःच्या दोन पायांवर, काठी न घेता. एका हातात वड्यांचा डबा होता. वरच्या फळीवरचं काही दिसेना म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या.

"हे तुमच्याकडे कसं आलं, काकू?"

"मला काय माहीत. वर देवाच्या पाया पडायला घरी गेले होते, तर फोनवर 'मा' आलं. फुकट दिसलं म्हणून दाबलं. खाली आले तरी चालू आहे." त्यांनी मागच्या ओळीकडे हनुवटी वळवली. "सगळ्यांकडेच आहे. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं मी."

चिन ग्वानला सगळा प्रकार एका क्षणात कळला, कारण तो चांगला इंजिनिअर होता. भिंतीतली केबल त्याच्या घरातून पेटीपर्यंत येत होती हे खरं. पण ती साठही घरांत जात होती. प्रत्येक घरात तिचं एक उघडं टोक टीव्हीमागे लोंबत होतं आणि प्रत्येक उघडं टोक त्याचं वायफाय हवेत शिंपडत होतं. ज्या केबलीने हवा टाळायची तिनेच साठ अँटेना लावल्या होत्या. लोक जोडले जात होते म्हणून चित्र अडखळत होतं. चित्र अडखळत होतं म्हणून तो जोर वाढवत होता. जोर वाढत होता म्हणून आणखी लोक जोडले जात होते. शेवटचा जोर वाढवल्यावर तर पलीकडच्या रस्त्यावरच्या नूडलवाल्यालाही 'मा' दिसू लागली असावी, कारण तो झारा हातात धरून मंडपाशी येऊन उभा होता.

तरीही चिन ग्वान डगमगला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. सासूबाई चालत होत्या. तीनशे साक्षीदारांसमोर, टाचा उंचावून चालत होत्या. आता कुठला पोरसवदा डॉक्टर आणि कुठला खुबा. कौल मिळाला की रात्रीच्या जेवणाआधी मागच्या इमारतीचं कुलूप उघडता येईल.

"चालतात की छान," तो चुआ काकूंना म्हणाला.

"पळतेय," काकू म्हणाल्या.

"ऊई गाइक सुआन," आपेकांनी पुकारलं. "मागची इमारत, तळमजला."

लाल कापड काढलं गेलं. पडद्यावर सासूबाई होत्या. वडी तोंडाजवळ, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आणि त्या हलत नव्हत्या.

"हजर?" आपेकांनी विचारलं.

पडद्यावरची वडी जिथे होती तिथेच होती.

चिन ग्वान देवाच्या टेबलाखाली शिरला. राउटर तापला होता. लोकांना बाहेर काढायचं तर राउटर बंद करून चालू करावा लागेल, आणि तेवढ्या वेळात हजेरी जाईल. केबल पेटीकडून तोडली तर लोक जातील, पण सासूबाईही जातील. त्याने केबलचा माग काढत रांगायला सुरुवात केली. रांगत तो पहिल्या रांगेखाली पोचला, डोकं आपटलं, आणि सवयीने वर आला तो थेट एका भुताच्या खुर्चीत. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हात जोडले.

"दोनदा पुकारलं," आपेक म्हणाले. "आता शेवटचं. ऊई गाइक सुआन, मागची इमारत, तळ..."

वरून काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या मजल्यावर, मंडपाच्या अगदी वर, यंत्रांच्या खोलीची खिडकी होती. तिच्यावर चिन ग्वानने काही वर्षांपूर्वी आतून ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवला होता, बाहेरच्या लहरी आत येऊन मापं बिघडवू नयेत म्हणून. तेव्हापासून तिथे खिडकी आहे हेच घरातली सगळी माणसं विसरली होती. आता पत्र्याचा एक कोपरा उलटला, मग अख्खा पत्रा खाली लोंबला, तावदान उघडलं आणि त्यातून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

"हजर आहे," त्या म्हणाल्या. त्यांना ओरडावं लागलं नाही. "किती वेळा विचारतोस? मघापासून सांगतेय त्या डबीला."

आपेकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग देवाकडे.

"हजेरी लागली," ते म्हणाले. "पण पत्ता जुळत नाही. मी मागची इमारत पुकारली आणि आवाज या इमारतीतून आला."

"तात्पुरत्या आहेत त्या इथे," चिन ग्वान भुताच्या खुर्चीतून घाईघाईने उठत म्हणाला. "घर मागेच आहे त्यांचं. चांगलं घर आहे. हवेशीर."

"तात्पुरत्या कसल्या," चुआ काकू म्हणाल्या. "आम्ही तासभर बघतोय. तिची चप्पल तिथे, तिचा टॉवेल तिथे, कपाटात लोणच्याच्या तीन बरण्या आहेत. तीन बरण्या घेऊन कुणी तात्पुरतं राहतं का?"

मागून बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. बरण्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

"मा," चिन ग्वान वर बघून शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "आपेकांना सांगा ना, तुमचं घर कुठलं ते."

सासूबाईंनी खाली पाहिलं. तीस वर्षं देव ज्या पत्त्यावर फिरकला नव्हता तो पत्ता त्यांच्या मनात एकदा येऊन गेला असावा.

"इथलाच लाव," त्या म्हणाल्या. "मागे डास फार आहेत."

"ऊई गाइक सुआन," आपेकांनी देवाला नव्याने सांगितलं, "पुढची इमारत, दुसरा मजला, जावयाचं घर. टाक रे, आ ग्वान."

चिन ग्वानने चंद्रकोरी हातात घेतल्या. सकाळपासून याच हातांनी हो पडावं म्हणून तो मनातल्या मनात सराव करत होता. आता त्याने सगळं उलट करायचं ठरवलं. पहिल्या खेपेला उंच फेकल्या. एक पालथी, एक उताणी. दुसऱ्या खेपेला जमिनीलगत सरकवल्या. हो. तिसऱ्या खेपेला डावा हात वापरला. हो. चौथ्या खेपेला एक चंद्रकोर घरंगळत भुतांच्या रांगेखाली गेली, सगळे वाकून बघायला गेले, ती खुर्चीच्या पायाला टेकून व्यवस्थित पालथी पडली होती. चुआ काकूंचा पंखा थांबला.

"आपेक, माझा हात दुखतोय," चिन ग्वान म्हणाला. "नाहीतरी बरोबरीच झालीय. काकूंना देऊन टाका, मोठ्या आहेत."

"देवाला हात दाखवू नकोस. टाक."

त्याने डोळे मिटून टाकल्या. मंडपातून जो आवाज उठला त्यावरून त्याला डोळे उघडायची गरज राहिली नाही. सहाव्या खेपेला दोन्ही उताण्या पडल्या.

"हसला," आपेक समाधानाने म्हणाले. "आता हसायला हरकत नाही. निकाल लागला."

ले पेंग एवढा वेळ मंडपाच्या कडेला उभी होती. ती नवऱ्याजवळ आली, त्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "आता रे?"

"बघू," चिन ग्वान म्हणाला. "देवाला विचारून पत्ता बदलता येत असेल."

येत नव्हता. त्याने आपेकांना विचारून घेतलं. पाच वेळा हो म्हटलेला पत्ता देव वर्षभर बदलत नाही.

झांजा वाजवत धुपाटणं दुसऱ्या मजल्यावर आलं. ठेवायला योग्य उंचीची, भक्कम आणि भिंतीला ठोकलेली अशी एकच जागा घरात होती. बिस्किटांचे डबे बाजूला सरकवून धुपाटणं कामाच्या टेबलावर बसलं. सासूबाई पहिली उदबत्ती लावताना गुडघ्यांवर बसल्या आणि कुणाचा हात न धरता उठल्या. मग त्यांनी जावयाला आठवण करून दिली की आता या खोलीत डागायचं काम, यंत्रांची टुकटुक आणि जोरात बोलणं चालणार नाही, आणि मागच्या घराची किल्ली त्याच्याकडेच राहू दे, तिथे ती खोकी ठेवता येतील.

चिन ग्वानने एका रविवारी खोकी मागच्या घरी नेली. तिथे डास खरंच फार होते. संध्याकाळी तो परत आला तेव्हा सासूबाई पलंगावर पाय पसरून थायपिंगला राहणाऱ्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बहीण पडद्यावर हसत होती, आवाज स्वच्छ येत होता, चित्र कुठेही अडखळत नव्हतं. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

खिडकीवर पुन्हा पत्रा लावता आला नाही, धुपाचा धूर बाहेर जावा लागतो. पत्रा निघाल्यापासून त्या खोलीत मोबाइल पूर्ण लागतो.